दिसणारी वायर

सोलापुरात सात रस्त्याच्या अलीकडं इसूफ शेखचं मोटारींच्या सामानाचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, पुढं दोन गाड्या उभ्या राहतील एवढी फरशी, आणि आत भिंतभर टांगलेले आरसे, पंखे, कॅमेरे नि चार्जर. सामान काय, कुठंही मिळतं. माणसं इसूफकडं यायची ती वायर लपवून घ्यायला. फोनचा चार्जर असो, मागं बघायचा कॅमेरा असो, की मागच्या सीटवरचा पंखा, इसूफनं बसवला की त्याची वायर कुठून आली नि कुठं गेली हे शोधून सापडायचं नाही. एकदा होटगी रोडच्या एका मास्तरांनी कॅमेरा बसवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी येऊन भांडण काढलं, की तुम्ही वायर जोडलीच नाही, नुसता डबा चिकटवून दिलाय. इसूफनं गाडी चालू करून कॅमेरा दाखवला तेव्हा मास्तर वरमले. तो किस्सा इसूफ येईल त्याला सांगत आलाय, आणि दर वेळी त्यात मास्तर थोडे जास्त वरमतात.

"वायर दिसली की काम फसलं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. वय अठ्ठावन्न, त्यातली पस्तीस वर्षं याच कामात गेलेली. हाताला गुण होता आणि स्वभावाला तेवढाच तिरसटपणा. कामात कुणी सूचना केली की त्याच्या कपाळाची शीर उडायची. त्याच्या स्वतःच्या जुन्या व्हॅनमध्ये मात्र वायरी उघड्यावर लोंबत होत्या, एक तर बाजूला बसणाऱ्याच्या थेट नाकासमोर यायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं त्याची बायको बिबीजान म्हणायची. ती दुकानाच्या मागच्या अंगाला मशीनवर सीटची कव्हरं शिवायची, आणि नवऱ्याच्या तिरसटपणाला न भिणारं त्या रस्त्यावरचं एकमेव माणूस होती.

माघातल्या एका सोमवारी दुकानापुढं एक पांढरी गाडी येऊन थांबली. थांबली म्हणण्याआधीच तिचं इंजिन बंद झालं, शेवटचे दोन हात ती नुसत्या वेगावर सरकली. उतरला तो उंच, पांढऱ्या मिशांचा, ताठ कण्याचा माणूस. नाव बिरप्पा. एस.टी.त तीस वर्षं ड्रायव्हर, आता निवृत्त. डिझेल वाचवल्याबद्दल दोनदा सत्कार झालेला, हे त्यानं पहिल्या दोन मिनिटांतच सांगून टाकलं.

मागच्या सीटवर त्याची बायको मायाक्का बसली होती. तिच्या शेजारी ऑक्सिजनचं छोटं मशीन, हातात धरायच्या पिशवीएवढं. त्यातून निघालेली पातळ नळी तिच्या नाकाशी, आणि मशीनची वायर दोन सीटच्या मधून पुढं गेलेली, जागोजागी काळी टेप मारलेली. इसूफनं आत डोकावलं तसा मायाक्कानं झटकन पदर ओढून नळी झाकली. मग वायरही झाकता येते का बघितलं, पण पदर तेवढा लांब नव्हता.

बिरप्पानं सगळी हकीकत सांगितली. चुलीपुढं आयुष्य गेलेलं, त्यात दम्याची वर्षं, आता फुप्फुसं थकली होती. घरात मशीन होतंच. प्रवासाला म्हणून हे छोटं आणलं, तेही वापरलेलं. त्याची आतली बॅटरी म्हातारी झालेली, गाडीची वीज तुटली तर ती एकटी जेमतेम वीस मिनिटं काढायची. येत्या गुरुवारी नातेपुत्याला जायचं होतं. त्यांची एकुलती एक लेक सुकन्या, लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर तिला मूल झालं होतं, आणि गुरुवारी बारसं होतं. पण मायाक्का म्हणत होती की ही असली वायर घेऊन मी येणार नाही, तुम्ही एकटे जा.

पुढचं मायाक्कानं स्वतः सांगितलं, मधे मधे थांबत, श्वास गोळा करत.

"पहिलं बाळंतपण म्हायेरी करायचं असतंय, भाऊ. ते माज्यानं झालं न्हाई. नऊ वरसं नवस केले, आन येळ आली तवा मी खाटंवर. आता बाळंतविडा तरी माज्या हातानं न्यायचाय." ती जरा थांबली. "मागं शेजारनीच्या पोरीच्या लग्नाला गेलते. पन्नास बाया व्हत्या. एकीनं माज्या तोंडाकडं बगितलं न्हाई. समद्या नळीकडं बगत व्हत्या. नातवाच्या बारशाला तसं नको मला. आजी आली म्हनाव लोकांनी. मशीन आलं म्हनू ने."

डॉक्टरांनी परवानगी दिली होती की बसल्या जागी दहा-पंधरा मिनिटं नळी काढली तर चालेल. तेवढ्यावर तिनं सगळा बेत आखलेला. गाडी मांडवाजवळ लावायची, नळी काढून उतरायचं, पाळण्याशी बसायचं, बाळंतविडा द्यायचा, आणि काहीतरी निमित्त काढून परत गाडीत यायचं. कुणाला काही कळायचं कारण नाही. फक्त गाडीत मशीन असून नसल्यासारखं दिसलं पाहिजे.

इसूफनं पस्तीस वर्षांत हौशी गिऱ्हाइकं पुष्कळ बघितली होती. कुणाला वायर दिसली की गाडी गरीब वाटायची, कुणाला शेजाऱ्याला जळवायचं असायचं. असं कुणी आजवर मागितलं नव्हतं. कुणाचं दुःख मनाला लागलं की तो हमखास करडा व्हायचा. गाडी उद्या सकाळी आणा, दोन दिवस लागतील, टेप मारणाऱ्याचे हात तोडले पाहिजेत, एवढं बोलून तो आत गेला.

काम मात्र त्यानं जीव ओतून केलं. दाराच्या कडेचा रबर उपसला, उंबऱ्यावरची पट्टी प्लॅस्टिकच्या उचकटणीनं अलगद सोडवली, आणि बिबीजानच्या जुन्या विणायच्या सुईला वायर बांधून ती मॅटच्या खालून मागं ओढून घेतली. मशीन पुढच्या सीटखाली बसवलं. त्याची घरघर ऐकू येऊ नये म्हणून भोवती लोकरीचा जाड नमदा गुंडाळला, हवेसाठी मागच्या बाजूला जाळी ठेवली. बिबीजाननं मागच्या सीटला नवं कव्हर शिवलं आणि त्याच्या कडेच्या दुमडलेल्या गोटातून नळी अशी वर काढली की ती थेट मायाक्काच्या खांद्यामागं निघावी. तिथून पदराखाली, आणि नाकाशी फक्त दोन बोटं दिसेल तेवढी.

वीज घेताना त्याचा हात सवयीनं चालला. स्टिअरिंगखाली फ्यूजांची पेटी असते. त्यातले काही फ्यूज कायम जिवंत असतात, काही चावी फिरवल्यावरच जिवंत होतात. इसूफ प्रत्येक गाडीत चावीवाल्या फ्यूजवरच जोड द्यायचा. चावी काढली की सगळं बंद, म्हणजे गाडी चार दिवस उभी राहिली तरी तिची बॅटरी उतरत नाही आणि गिऱ्हाईक शिव्या द्यायला दारात येत नाही. इथंही त्यानं तेच केलं. त्याला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही.

मशीनवर एक हिरवा दिवा होता. वीज तुटली की तो लाल व्हायचा आणि मशीन टुकटुक करायचं. नमद्याखाली दोन्ही गडप झालं. बिबीजान सीटला टाके घालत होती, तिनं ते बघितलं.

"बत्ती कायकू छुपाते जी?" ती म्हणाली. "बत्ती देखने के वास्ते रहती."

इसूफची शीर उडाली. तुझं शिवण तू बघ, तारेतलं मला शिकवू नकोस, असं तो म्हणाला. बिबीजाननं दोरा दातानं तोडला आणि दुसरा ओवला.

नळीचं माप घ्यायला लागायचं म्हणून त्या दोन दिवसांत मायाक्का दुकानाच्या मागच्या अंगाला बसायची, घरचं मशीन बिरप्पा रिक्षातून बरोबर आणायचा. ती आणि बिबीजान यांचं छान जमलं. मायाक्कानं तिला बाळंतविडा उघडून दाखवला, कुंची, दुपटी, वाळे सगळं. मोडनिंबला आपली धाकटी बहीण निंगव्वा असते, पिठाच्या गिरणीला लागून घर, तिला जाताना गाडीत घ्यायचंय हे सांगितलं. वर्षभरात तिलाही भेटलेलं नव्हतं. आजाराचं एका शब्दानं कळवलेलं नव्हतं. सख्ख्या बहिणीलाही नाही का, असं बिबीजाननं विचारलं तर मायाक्का म्हणाली की तीच तर आधी रडंल.

बुधवारी संध्याकाळी मायाक्का नव्या सीटवर बसली. बिरप्पानं आगारात बस तपासावी तसं चारी काचांतून आत बघितलं. काही दिसलं नाही. मायाक्कानं आरशात पाहिलं, आणि तिला आपलं जुनं तोंड दिसलं असावं, कारण ती हसली. तिनं इसूफकडं बघून मान हलवली. इसूफला त्या मानेचं एवढं सुख झालं की घरी जाताना त्यानं बायकोसाठी कारण नसताना मोगऱ्याचा गजरा घेतला.

गुरुवारी सकाळी आठला जाता जाता ती दोघं दुकानापाशी थांबली. बिबीजाननं सीटच्या उरलेल्या मऊ कापडाचं एक टोपडं शिवलं होतं, ते बाळासाठी दिलं. बिरप्पा आणि इसूफ रस्त्याबद्दल बोलत होते. मोहोळला टाकी भरायची, मोडनिंबला निंगव्वाला घ्यायचं, मग टेंभुर्णी, अकलूज, आणि बाराच्या आत नातेपुतं. बोलणं पाच मिनिटांचं, पण बिरप्पानं त्याआधी इंजिन बंद करून चावी खिशात टाकली होती. इसूफनं चेष्टा केली तसा तो मिशीतल्या मिशीत म्हणाला, "तीस वरसांत रिकामं इंजिन पळवलं न्हाई, इसूफभाई. शिंगल लागला तरी बंद." दोघंही हसले. गाडी गेली.

इसूफ चहा प्यायला बसला. बिरप्पाचं ते वाक्य त्यानं बिबीजानला रंगवून सांगितलं, की हा बाबा सिग्नलला इंजिन बंद करतो, टोलनाक्याला करतो, रेल्वेच्या फाटकात तर करतच असणार, चावी काढून खिशात—

आणि तो थांबला. कप हातातच राहिला.

चावी खिशात म्हणजे फ्यूज मेला. फ्यूज मेला म्हणजे मशीन त्या म्हाताऱ्या बॅटरीवर. वीस मिनिटं, आणि तीही सलग नाहीत. इथं पाच गेली, मोहोळला रांग असेल तर दहा. मग मोडनिंबला बहिणीच्या दारात गाडी उभी राहणार, बहीण चहा केल्याशिवाय सोडणार नाही, आणि मायाक्का उतरणार नाही, कारण उतरली तर दिसेल. दिवा लाल होईल तो नमद्याखाली. मशीन ओरडेल तेही नमद्याखाली. एका माणसाची चांगली सवय आणि दुसऱ्या माणसाची चांगली सवय, दोन्ही मिळून त्यांनी त्या बाईचा श्वास कोंडायची व्यवस्था केली होती, आणि ती इतकी सफाईनं, की कुणाला काही दिसू नये.

त्यानं बिरप्पाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. स्टिअरिंगवर बसल्यावर फोनला हात लावायचा नाही, ही एस.टी.ची आणखी एक शिस्त. बिबीजाननं मायाक्काला लावला, तोही कुणी उचलेना. इसूफनं वायरीचं भेंडोळं, पकड, फ्यूज नि टेप व्हॅनमध्ये टाकली. बिबीजाननं न विचारता शटर ओढलं आणि शेजारी येऊन बसली.

व्हॅन साठच्या पुढं गेली की थरथरायची. इसूफनं ती सत्तरनं हाणली. त्याला भीती वाटत होती, आणि ती लपवायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. दर दहा मिनिटांनी तो म्हणायचा, उचलला का? बिबीजान परत लावायची. दिव्याबद्दल मी सांगितलं होतं, असं ती म्हणाली नाही. सबंध रस्ताभर म्हणाली नाही. ती लोंबणारी वायर नाकापुढून एका हातानं बाजूला धरून, दुसऱ्या हातानं फोन लावत राहिली.

मोडनिंबला गिरणी पहिल्याच माणसानं दाखवली. पुढं लिंबाच्या झाडाखाली पांढरी गाडी उभी, इंजिन बंद, काचा वर. भोवती गल्लीतल्या चार बायका नवी सीट कौतुकानं बघत उभ्या होत्या. बिबीजानच्या फोनची रिंग चालूच होती, आणि मायाक्काचा फोन गाडीच्या डिकीत, सामानाखाली वाजत होता.

मायाक्का मागच्या सीटवर ताठ बसली होती. बायकांकडं बघून हसत होती. पण तिचे ओठ काळपट पडले होते, खांदे वरखाली होत होते, आणि पदराखाली एक हात छाती घट्ट धरून होता. इसूफनं काच वाजवली तशी तिनं त्याला ओळखलं, आणि तिचं हसू मोडलं. तिनं दाराची कडी आतून उघडली.

बिबीजान आत शिरून तिला छातीशी धरून बसली. इसूफनं चावीसाठी हात घातला, चावी नव्हती. तो घराकडं तोंड करून ओरडला. बिरप्पा चहाची बशी हातात घेऊन दारात आला, बघितलं, आणि बशी तिथंच सोडून धावला. चावी फिरली. सीटखालच्या नमद्यातून घरघर सुरू झाली. इसूफनं नमदा ओरबाडून काढला, मशीन बाहेर घेतलं आणि मायाक्काच्या मांडीवर ठेवलं. हिरवा दिवा लागला होता. सगळे त्या बाईचा श्वास मोजत राहिले. हळूहळू ओठांना रंग आला.

निंगव्वा मागून आली होती. तिनं मशीन बघितलं, नळी बघितली, आणि ती दारातच खाली बसली. वर्षभर बहीण आली नाही, आज दारात येऊनसुद्धा गाडीतून उतरली नाही, गुडघे दुखतेत म्हणाली. शहरात जाऊन मोटार आली तशी माजली असं तिला वाटलं होतं, आणि अर्ध्या तासापूर्वी तिनं ते बिरप्पाजवळ बोलूनही दाखवलं होतं. आता ती बहिणीचे पाय धरून रडायला लागली.

"मला का न्हाई सांगितलंस गं? मी काय परकी हाय?"

मायाक्कानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. बोलण्याएवढा दम अजून आला नव्हता.

इसूफ बिरप्पाला बाजूला घेऊन गेला आणि चूक सांगितली. आडवळण न घेता सांगितली, की वायर मी चुकीच्या ठिकाणी जोडली, दिवा मी झाकला, बायकोनं सांगितलेलं ऐकलं नाही. बिरप्पा म्हणाला, चावी तर मीच काढली. आता नातेपुत्यापर्यंत काढतच नाही, इंजिन चालूच ठेवतो. इसूफनं मान हलवली. तीस वर्षांचा हात आहे, तो मालकाला न विचारता चावी फिरवेल. वीज थेट बॅटरीवरूनच घेतली पाहिजे.

घड्याळात सव्वादहा झाले होते. इसूफ मायाक्कापाशी आला, दाराशी उकिडवा बसला. हे बोलणं त्याला जड जात होतं.

"अक्का, पयल्यासारखं लपवून करायचं तर तीन तास लागतेत. बारसं ऱ्हातंय. न्हाईतर पंधरा मिंटात हुतंय, पण वायर बोनेटमधनं निगून काचंतनं आत यील. समद्यांस्नी दिसंल. कसं करू?"

मायाक्कानं बाहेर पाहिलं. गल्लीतल्या बायका आता चारच्या दहा झाल्या होत्या, आणि खरोखरच सगळ्या नळीकडंच बघत होत्या. मग तिनं पायाशी बसलेल्या निंगव्वाकडं पाहिलं. ती नळीकडं बघत नव्हती.

"दिसू द्या," मायाक्का म्हणाली.

इसूफनं बोनेट उघडलं. बॅटरीशी फ्यूज टाकून लाल-काळी जाड वायर काढली, बोनेटच्या फटीतून वर घेतली, आरशाला वळसा दिला, आणि मागच्या काचेतून आत सोडली. भेंडोळं तोडायला पकड उचलली आणि पुन्हा ठेवली. उरलेली सगळी वायर त्यानं तशीच गुंडाळून सीटवर ठेवली, कुठं कमी पडायला नको म्हणून. ती फडफडू नये यासाठी बिबीजाननं आपल्या ओढणीच्या कडेच्या हिरव्या चिंध्या काढून जागोजाग बांधल्या. सोलापूर जिल्ह्यात इसूफ शेखच्या हातचं एवढं बेंगरूळ काम कुणी बघितलं नसेल. त्यानं तीनदा चावी काढून बघितली. तीनही वेळा दिवा हिरवाच राहिला.

गाडी निघाली. निंगव्वा मागं बसली होती, मशीन स्वतःच्या मांडीवर घेऊन, लेकरू घ्यावं तशी. दोघी बहिणी काहीतरी बोलत होत्या. इसूफ धूळ खाली बसेपर्यंत रस्त्यात उभा राहिला. परतीच्या वाटेवर मोहोळ आलं तेव्हा तो बिबीजानला म्हणाला की तू बोललीस ते बरोबर होतं. बिबीजान खिडकीबाहेर बघत म्हणाली, ते तिला त्याच दिवशी माहीत होतं.

शनिवारी पांढरी गाडी पुन्हा दुकानापुढं आली, शेवटचे दोन हात नुसत्या वेगावर सरकत. इसूफ तयारीत होता. बॅटरीवरून येणारी वायर आतून कशी न्यायची, दिवा समोर आरशाखाली कसा आणायचा, टुकटुक ऐकू येईल असं मशीन कुठं ठेवायचं, हे सगळं त्यानं दोन दिवस मनात बसवलं होतं. आता लपेल आणि कळेलही, असं त्यानं मायाक्काला सांगितलं. मग तो चिंध्या सोडायला लागला, आणि त्याच्या बोटांना पांढरं काहीतरी लागलं. वायरीच्या शेवटच्या दहा-बारा फुटांवर टेपच्या चिकटीत पांढरी भुकटी बसली होती. कुठं कुठं गुलालासारखा रंगही होता.

त्यानं विचारलं तसं बिरप्पा सांगायला लागला, पण मायाक्कानं त्याला थांबवलं. हे तिला स्वतः सांगायचं होतं.

नातेपुत्याला पोचल्यावर ती नळी काढून उतरणार, तर निंगव्वानं काढू दिली नाही. म्हणाली, मशीन मी धरते, तू चल. मशीन घरातल्या विजेवर लावायचा चार्जर तर सोलापुरातच राहिलेला, मशीन कुणाला दाखवायचंच नव्हतं म्हणून. आणि मशीनची स्वतःची बॅटरी आता मिनिटभरही टिकत नव्हती. मग बिरप्पानं ते उरलेलं भेंडोळं सोडलं. गाडीच्या काचेतून वायर निघाली ती अंगण ओलांडून थेट मांडवात, पाळण्यापर्यंत. सगळ्यांच्या पायांतून. मायाक्काला वाटलं, आता जमिनीनं पोटात घ्यावं. बायका बघत होत्या, पोरं बघत होती.

"तर माजी विहीनबाई उठली," मायाक्का म्हणाली. "मला वाटलं काय बोलती आता. रांगोळीचा डबा आनला तिनं. आन वायरीच्या दोनी अंगानं रेघ वढत गेली, मोटारीपास्नं पाळन्यापातूर. मदी मदी फुलं काडली. म्हनली, ह्याच्यावर कुनाचा पाय पडला तर बगा. हितनं आमच्या विहीनबाईचा जीव चाललाय."

मग कुणी पाय टाकला नाही. पोरंसुद्धा लांबून उड्या मारून गेली. बाळंतविडा मायाक्कानं स्वतःच्या हातानं दिला, कुंची घातली, बिबीजानचं टोपडं घातलं. नातू दोन तास तिच्या मांडीवर होता. पंधरा मिनिटांचा बेत केलेला, आणि दोन तास. सुकन्या नुसती आईला टेकून बसली होती.

बिबीजान केव्हाच शिवण टाकून बाहेर आली होती आणि ओढणीनं डोळे पुसत होती. इसूफ वायर हातात धरून उभा होता. ती भुकटी त्यानं पुसली नाही.

"मग अक्का," तो म्हणाला, "कसं करायचं म्हनता?"

"आतली लपवा की, तुमची हौस हाय तर," मायाक्का म्हणाली. "पर ही लांबडी ऱ्हाऊ द्या. कुटं गेलं तर अंगनापातूर पुरली पायजे."

तो तासभर खपला. आतली वायर त्यानं अशी लपवली की मास्तर पुन्हा भांडायला आले असते. दिवा आरशाखाली आणला, ड्रायव्हरला आणि मागच्याला दोघांनाही दिसेल असा. आणि ती लांब वायर, रांगोळीसकट, हिरव्या चिंध्यांसकट, त्यानं गुंडाळून मागच्या दाराशी एका हुकावर टांगली, सहज हाताला येईल अशी. टांगण्याआधी तिला आणखी दहा फूट जोड दिला.

गाडी फरशीवरच उभी होती तेव्हा एक नवं गिऱ्हाईक आलं. चार्जर बसवून घ्यायचा होता. त्यानं मागच्या काचेतून आत बघितलं, हुकावरचं भेंडोळं बघितलं आणि हसून विचारलं, ही वायर कुणी सोडलीय हो अशी, दिसतीय की सगळी.

"मीच," इसूफ म्हणाला.